मागच्या गेटची तालीम

लाँड्रीवाल्या वहिनींना एक खोड होती. गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडलं, की त्याचं शेवटचं वाक्य त्या त्याच्याच आवाजात पुन्हा म्हणायच्या. मुद्दाम नव्हे. एखाद्याला उचकी लागावी तसं ते व्हायचं. हातातली इस्त्री चालूच असायची आणि तोंडातून कधी बँकेतल्या बाईंचा नाकातला सूर निघायचा, कधी डॉक्टरांचं घाईघाईचं "बरं बरं बरं". गिऱ्हाईक पुरेसं लांब गेलं आहे का, हे बघायचं काम सासूबाईंचं. त्या दारात खुर्ची टाकून कपड्यांना चिठ्ठ्या लावत बसायच्या आणि सुनेचं सुरू झालं, की मान न वळवता म्हणायच्या, "अगं, अजून कोपऱ्यावर वळलेही नाहीत ते!"

दुकान मोक्याच्या जागी होतं. गल्ली संपायची तिथे टॉवरची उंच भिंत होती आणि भिंतीत एक लहानसं लोखंडी गेट होतं. टॉवर म्हणजे खरं तर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या बऱ्याच इमारती, पण गल्ली त्या सगळ्यांना मिळून 'टॉवर' म्हणायची आणि आत राहणाऱ्यांना 'टॉवरवाले'. टॉवरवाले लिफ्टने खाली उतरायचे, घरातल्याच चपलांवर गेटातून बाहेर यायचे, कपड्यांचं गाठोडं वहिनींच्या टेबलावर टाकायचे आणि गॅसवरचा चहा उतू जायच्या आत घरी परतायचे. गल्लीतले लोक घरीच इस्त्री करत. वहिनींचा सगळा धंदा त्या गेटातून यायचा.

आणि एका सकाळी त्या गेटावर कागद लागला. आतून सायकली चोरीला जाताहेत, सबब पुढच्या महिन्यापासून मागचं गेट कायमचं बंद. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी रविवारी टॉवरच्या हॉलमध्ये येऊन म्हणावं. खाली सेक्रेटरींची सही.

पुढचं गेट होतं मोठ्या रस्त्यावर. तिथून गल्लीत यायचं, तर सगळ्या भिंतीला वळसा घालून, पेट्रोल पंप ओलांडून यावं लागे. बिछान्याच्या चादरी काखोटीला मारून कोण येणार तिथून? कागद वाचून वहिनी दुकानात परत आल्या तेव्हा सासूबाईंनी फक्त त्यांचा चेहरा बघितला.

"गेट?"

"गेट."

"मग आता तुझी ती समिती काय करते ते बघू," सासूबाई म्हणाल्या आणि एका पँटला शर्टाची चिठ्ठी लावून बसल्या.

गल्ली समिती तशी छोटी होती. अध्यक्ष अण्णा, निवृत्त पोस्टमास्तर. सायकलींचं दुकान असलेले पंक्चरकाका. बेकरीवाला. शिकवणी घेणाऱ्या बाई. आणि वहिनी. समितीचे नियम दोनच होते आणि दोन्ही अण्णांनी घातलेले.

पहिला नियम तालमीचा. फार पूर्वी अण्णा गल्लीच्या पाण्यासाठी एका इंजिनियरकडे गेले होते. त्या माणसाने खुर्ची दिली आणि विचारलं, "बोला, आपलं काय म्हणणं आहे?" अण्णांनी भांडायची तयारी केली होती; विचारपूस होईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते "काही नाही" म्हणाले, नमस्कार केला आणि घरी आले. तेव्हापासून समिती तालीम केल्याशिवाय कुणाच्या दारात जात नसे. एकाने समोरचा पक्ष व्हायचं, हातांच्या खुर्चीत बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्याशी भांडायचं.

दुसरा नियम मतदानाचा. वर गेलेला हात खाली घ्यायचा नाही. ठराव मंजूर म्हणजे मंजूर. मग घरी गेल्यावर बायकोने कितीही सुनावलं तरी.

दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे होते. ते एकाच संध्याकाळी एकाच खोलीत कधी भेटले नव्हते, इतकंच.

तालीम बेकरीच्या मागच्या खोलीत भरली. भट्टीची ऊब, मैद्याची पोती, आणि मधोमध हातांची खुर्ची. "सेक्रेटरी कोण होणार?" अण्णांनी विचारलं, पण सगळे आधीच वहिनींकडे बघत होते.

"मी? अहो, माझंच दुकान बुडायला आलंय आणि मीच त्यांच्या बाजूने बोलू?"

"म्हणूनच," शिकवणीच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना आतून-बाहेरून ओळखता."

ते खरं होतं. सेक्रेटरींचे शर्ट वहिनीच करायच्या. उंच, किडकिडीत गृहस्थ. कॉलर पुठ्ठ्यासारखी कडक लागायची. बोलण्याआधी करंगळीने चष्मा वर सारायचा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "मुद्दा असा आहे की".

वहिनी खुर्चीत बसल्या. पाठ ताठ झाली, मान लांबली, करंगळी नाकाकडे गेली. बेकरीवाला नकळत उठून उभा राहिला.

"बसा, बसा," सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे वहिनी. "मुद्दा असा आहे की, मी तुमच्यावर संशय घेत नाहीये. मला फक्त सांगा, तुमच्या घराला दारं किती?"

"दोन," बेकरीवाला म्हणाला. "पण मागचं बंदच असतं."

"का बरं?"

"मांजर येतं."

"बघा! तुम्ही मांजराला घाबरून दार लावता आणि आम्ही चोराला घाबरून लावलं की आम्ही वाईट."

"पण साहेब," पंक्चरकाका सरसावले, "आमची रोजची वाट आहे ती. बस स्टॉपला जायची."

"वाट तुमची आहेच. भिंत मात्र आमची आहे. तुमच्या दुकानातून कुणी रोज बस स्टॉपला गेलं तर चालेल? तुमच्या पंपावरून, ट्यूबांवरून उड्या मारत?"

पंक्चरकाकांनी तसं होताना मनाशी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

वहिनींना आता रंग चढला. चष्मा नव्हता तरी त्यांनी तो काढला आणि पुसला. "मुद्दा असा आहे की, आमच्याकडे म्हातारी माणसं दिवसभर एकटी असतात. मुलं कामावर जातात. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराच्या आत उभी राहून ऐकत बसतात, की हे पाऊल आपल्या दारापाशी थांबतंय का. मला त्यांच्यासाठी एवढंच हवंय, की त्यांनी खुर्चीत टेकून बसावं. तुम्ही नाही म्हणालात तर मी गेट उघडं ठेवतो. मात्र त्यांच्या दाराशी जाऊन तसं सांगायला तुमच्यापैकी कुणीतरी माझ्याबरोबर चला."

शिकवणीच्या बाईंनी रुमाल काढला. बेकरीवाल्याने बाहीने नाक पुसलं. अण्णांनी टेबलावर हात टेकला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. अण्णांचाही.

"ठराव एकमताने मंजूर."

सगळे समाधानाने एकमेकांकडे बघून माना डोलवू लागले. मग वहिनी आपल्या आवाजात परत आल्या.

"अण्णा! कसला ठराव?"

"गेट बंद करण्या..." अण्णा म्हणाले आणि तिथेच थिजले.

"अहो, तालीम होती ही!"

"तालीम होती हे खरं. पण हातही खरेच होते."

"खाली घ्या ना मग!"

"ते नियमात बसत नाही," अण्णा कासावीस होऊन म्हणाले. त्यांचा हात अजून वरच होता. "वहिनी, तुम्ही इतकं छान बोलायला नको होतं हो!"

"रडवलंत तुम्ही आम्हाला," बेकरीवाला तक्रारीच्या सुरात म्हणाला.

वहिनी घरी आल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. सासूबाई पोटावर हात दाबून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, बोलायला जात होत्या आणि पुन्हा फुटत होत्या. "स्वतःच्या दुकानाला स्वतःच कुलूप! चोराला सुद्धा असं जमायचं नाही गं!"

"हसताय काय तुम्ही? दुकान गेलं तर खाणार काय आपण?"

"रडायला आहे की पुढचा महिना. आज हसू दे." मग डोळे पुसून त्या जरा गंभीर झाल्या. "खरंच तू इतकं पटवलंस?"

"मलाच पटलं," वहिनी खाली मान घालून म्हणाल्या. "माझाही हात निम्मा वर गेला होता."

सासूबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या.

वाट काढली शिकवणीच्या बाईंनी. दुसऱ्या दिवशी त्या धापा टाकत दुकानात आल्या. "वहिनी, आपण ठराव कशावर केला? सेक्रेटरींचं म्हणणं पटलं म्हणून. पण सेक्रेटरी अजून बोललेतच कुठे? रविवारी आधी त्यांचं ऐकू. ते तसंच बोलले तर ठराव लागू. नाही बोलले तर आपल्याला काही पटलेलंच नाही!"

अण्णांनी यावर सबंध दुपार विचार केला आणि मान्यता दिली. म्हणजे सगळं येऊन ठेपलं एकाच गोष्टीवर. खरे सेक्रेटरी वहिनींइतके चांगले बोलले, की दुकान बुडालं. शनिवारी सेक्रेटरींचा शर्ट इस्त्रीला आला तेव्हा वहिनींनी तो नेहमीपेक्षा कडक केला. कॉलर गळ्याला काचली तर काचू दे, म्हणाल्या.

रविवारी सकाळी समिती टॉवरच्या हॉलमध्ये गेली. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. हॉलमधले सोफे इतके मऊ होते, की अण्णा बसले आणि जवळजवळ दिसेनासे झाले. समोर टॉवरचे सभासद होते, त्यांच्या खजिनदार बाई होत्या, दाराशी वॉचमन होता आणि प्रोजेक्टरच्या पडद्यापाशी उभे होते सेक्रेटरी. मान वळवायची तर त्यांना सगळं अंगच वळवावं लागत होतं.

"मुद्दा असा आहे की," त्यांनी सुरुवात केली आणि बेकरीवाल्याने वहिनींना कोपराने ढोसलं.

पडद्यावर भिंतीचा नकाशा आला. मग कॅमेऱ्यांचे प्रकार आले. मग एक बाण आला, तो कुठे जातोय ते कुणालाच कळलं नाही, आणि मग पडदा अडकला. सेक्रेटरी अडकलेल्या पडद्याकडे पाठ करून नियमांची पोटकलमं वाचत राहिले. आवाज एका पट्टीत, पंख्याच्या घरघरीसारखा. म्हाताऱ्या माणसांचा उल्लेख एकदा झाला, पण 'ज्येष्ठ रहिवासी घटक' असा. पंक्चरकाकांचा डोळा लागला. टॉवरवाल्यांपैकी दोघांचा आधीच लागला होता.

वहिनींच्या मनात उकळ्या फुटत होत्या. वाचलं दुकान! या भाषणाने दगडालाही काही पटलं नसतं. अण्णा सोफ्याच्या तळातून त्यांच्याकडे बघून हलकेच मान हलवत होते.

सेक्रेटरींनी कागद मिटले. "काही शंका?"

तेव्हा बेकरीवाला बोलला. भला माणूस, पोटात काही राहत नाही त्याच्या. "शंका नाही हो. पण वहिनींचा सेक्रेटरी बरा होता."

हॉल एकदम जागा झाला.

"वहिनींचा सेक्रेटरी म्हणजे?" खजिनदार बाई पुढे सरकल्या.

पंक्चरकाकांनी बेकरीवाल्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. तालमीची सगळी हकीकत बाहेर आली. मांजर, ट्यूबा आणि रुमाल यांच्यासकट. टॉवरवाले ऐकता ऐकता सरळ होऊन बसले.

"म्हणजे या बाई मी होतात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मुद्दाम नाही होत," वहिनी पुटपुटल्या.

"करून दाखवा ना!" मागून कुणीतरी ओरडलं. "हो, हो, दाखवाच!" दुसरं म्हणालं. खजिनदार बाईंनी टाळ्याच सुरू केल्या.

"करा," सेक्रेटरी थंडपणे म्हणाले. "मलाही बघू दे."

वहिनी उठल्या. वाईट करायचं, त्यांनी ठरवलं. अगदी रद्दड करायचं. दोन वाक्यं म्हणायची, अडखळायचं आणि बसायचं. त्या पडद्यापाशी गेल्या, घसा खाकरला, आणि करंगळी आपली आपण वर गेली.

मग काही इलाज उरला नाही. मान लांबली. आजची काचणारी कॉलरही आली; वहिनी वळायच्या तर सगळं अंग वळायचं. पहिल्याच "मुद्दा असा आहे की"ला खजिनदार बाईंचा चष्मा हसून हसून खाली पडला. अडकलेला पडदा झाला, हरवलेला बाण झाला. सेक्रेटरी लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी बोलायचं टाळण्यासाठी मजल्यांचे आकडे कसे वाचतात, तेही झालं. आणि सगळे हसून दमले आहेत अशा वेळी जिन्यातलं पाऊल आलं, आणि दाराच्या आत उभं राहून ऐकणारी म्हातारी माणसं आली. हसू विरलं. एक आजोबा मागच्या रांगेतून म्हणाले, "अगदी असंच आहे बघा."

टाळ्या कडाडल्या. वहिनी भानावर आल्या. दुसऱ्यांदा! दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःचं दुकान स्वतःच्या तोंडाने बुडवलं होतं, आणि या वेळी दोन्ही बाजूंच्या समोर. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

सेक्रेटरी लाल झाले होते. "मी असा बोलतो?"

"नाही," खजिनदार बाई डोळे पुसत म्हणाल्या, "असं बोलला असतात तर आम्ही जागे राहिलो असतो. आता तुमची पाळी. तुम्ही वहिनी करा!"

"काहीतरीच काय?"

"घाबरले!" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

हे वर्मी लागलं. सेक्रेटरींनी गळ्यापाशी हात नेला आणि कॉलरचं बटण काढलं. टेबलावरची फाइल उचलून इस्त्रीसारखी धरली आणि टेबल दाबायला लागले. मधेच बोट ओलं करून फाइलच्या बुडाला लावलं आणि "स्स्" असा आवाज केला. गल्लीतले लोक खदखदून हसले.

"आज नाही हो मिळायचं," सेक्रेटरी वहिनींच्या लगबगीच्या सुरात म्हणाले. "परवा या. परवा नक्की. डाग? तो आधीपासूनच होता. आई, यांच्या शर्टाला डाग होता ना हो? बघा, आई म्हणतात होता!"

"मी असं कधी म्हटलं?" सासूबाई गरजल्या, पण त्यांचा आवाज कुणाच्या कानात शिरला नाही. वहिनी स्वतः सोफ्याच्या पाठीला धरून हसत होत्या. मेल्याने बोट सुद्धा बरोबर ओलं केलं होतं!

सेक्रेटरींनाही आता रंग चढला होता. त्यांनी कपाळावरचा नसलेला घाम दंडाला पुसला. तेवढ्यात खजिनदार बाईंनी गिऱ्हाईक होऊन विचारलं, "काय वहिनी, गेट बंद होतंय म्हणे. तुम्ही काय करणार?"

फाइल टेबलावर थांबली.

"मी काय करणार?" सेक्रेटरी म्हणाले. आवाज अजून वहिनींचाच होता, पण लगबग उतरली होती. "पहिल्या आठवड्यात सगळे येतील. वळसा घालून येतील, लाजेकाजेस्तव. मग एकजण घरी इस्त्री आणेल. मग शेजारीण तिची मागून घेईल. मी सकाळी दुकान उघडीन, इस्त्री तापवीन आणि भिंतीकडे बघत बसेन. तापलेली इस्त्री नुसती ठेवता येत नाही हो. मग मी आमचेच कपडे पुन्हा पुन्हा करीन."

वहिनींनी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. स्वतःशीही असं शब्दांत बोलल्या नव्हत्या. आणि आता ते त्यांच्याच आवाजात, एका उंच किडकिडीत माणसाच्या तोंडून बाहेर येत होतं.

सेक्रेटरी मात्र थांबायला तयार नव्हते. ते फाइल घेऊन आपल्याच रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि तिच्याशी भांडायला लागले. "आणि काय हो सेक्रेटरी? चोर, चोर काय करता? दिवसभर त्या गेटावर नजर कुणाची असते? माझी! तुमच्या गेटातून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कुणाचा शर्ट कुणाच्या अंगावर आहे, सगळं मला माहीत. कॅमेरे लावताय? माझ्या सासूबाई बसवा! तुमचा वॉचमन तर जेवण झालं की पेंगतो."

"साहेब!" दारातून वॉचमन कळवळला.

"पेंगतोस," सेक्रेटरी वहिनींच्या आवाजात म्हणाले. "आणि गेट बंद करून त्या म्हाताऱ्यांना जिन्यात नुसती शांतता देणार तुम्ही. त्यांना कपडे द्यायच्या निमित्ताने चार शब्द बोलायला गेटापर्यंत यायचं असतं. विचारा त्यांना!"

"यायचंच असतं," मागचे आजोबा म्हणाले.

यानंतर गोंधळ झाला. सगळे एकदम बोलायला लागले, निम्मे स्वतःच्या आवाजात आणि निम्मे कुणाच्या ना कुणाच्या. पंक्चरकाका खजिनदार बाई झाले होते. खजिनदार बाई अण्णा व्हायचा प्रयत्न करत सोफ्यात बुडी मारत होत्या. गेट दिवसा उघडं ठेवायचं, अंधार पडला की कुलूप लावायचं आणि एक किल्ली वहिनींकडे द्यायची, असं कुणीतरी सुचवलं. ते कोण बोललं, हे नंतर कुणाला सांगता आलं नाही.

अण्णांना दोघांनी धरून सोफ्यातून वर काढलं. "ज्यांना पटलं," ते म्हणाले आणि थांबले. "आधी स्पष्ट करतो. ही तालीम नाही. ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. गल्लीचे गेले, टॉवरचे गेले, मत नसताना वॉचमनचाही गेला. पहिल्या रांगेत सगळ्यांत उंच हात होता सेक्रेटरींचा. दुसऱ्या हातात फाइल तशीच होती.

अण्णा त्यांच्याकडे वळले. नियमाचा प्रश्न होता. "साहेब, माफ करा. हा हात कुणाचा समजायचा? आपला की वहिनींचा?"

सेक्रेटरींनी हाताकडे बघितलं. तो खाली घ्यावा की काय, असं क्षणभर त्यांच्या मनात आलेलं दिसलं.

"मोजा हो," सेक्रेटरी म्हणाले. "कुणाचा का असेना. पटलंय."

वहिनी धावत पुढे गेल्या. त्यांना आभार मानायचे होते, साधे, दोन शब्दांचे. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "मुद्दा असा आहे की..."

"परवा या," सेक्रेटरी म्हणाले. "परवा नक्की."

आणि दोघंही तिथेच, पडद्यासमोर, एकमेकांचे खांदे धरून हसत राहिली. सासूबाई त्या दोघांकडे बघत वॉचमनच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला विचारलं, "तू खरंच पेंगतोस का रे?"